बारा ओळींवरचे शेरे

चि. ऋचास,


तू तपासलेला तो प्रोग्राम पाहिला. पॉइंटर समजावायला तुझ्या विद्यार्थ्याने दोन संख्यांची अदलाबदल लिहिली, जेमतेम बारा ओळी. त्यावर तुझे शेरे: कंस पुढच्या ओळीवर हवा, ए आणि बी ही नावं चालणार नाहीत, टॅबऐवजी चार स्पेस दे, वर कॉमेंट नाही. पण त्याला पॉइंटर कळला की नाही, ते या शेऱ्यांवरून मला समजलं नाही. तुला तरी समजलं का?

अशा उदाहरणाला एकच गोष्ट दाखवायची असते. फंक्शनला व्हॅल्यूची प्रत मिळते; मूळ व्हेरिएबल बदलायचं तर त्याचा पत्ता पाठवावा लागतो. तिथे ए आणि बी हीच नावं योग्य, कारण त्या संख्या कसल्याही असू शकतात. भारदस्त नाव दिलंस तर वाचणारा त्या नावातच अडकेल.

कर्निगन आणि रिची यांचं १९७८ चं सीचं पुस्तक काढून बघ. ‘हॅलो, वर्ल्ड’ छापणाऱ्या पहिल्या प्रोग्रामात मेनच्या आधी इंट नाही, शेवटी रिटर्न नाही. १९८८ च्या दुसऱ्या आवृत्तीतही मेन तसंच आहे. भाषा घडवणाऱ्या रिचींना नियम माहीत नव्हते थोडेच! विद्यार्थ्याला पडद्यावर एक ओळ आणायची होती, तेवढंच त्यांनी ठेवलं. कंसाची जागा फारशी महत्त्वाची नाही, एक पद्धत धरा आणि पाळा, असंही त्यांनी त्याच पुस्तकात सांगितलंय.

मात्र त्या मुलाने इनपुट घ्यायला गेट्स वापरलं असतं, तर लाल शाई मीच तुझ्या हातात दिली असती. बफर केवढा आहे हे गेट्सला कळतच नाही. ओळ लांब आली की शेजारची मेमरी पुसली जाते. नोव्हेंबर १९८८ मध्ये मॉरिस वर्म ज्या वाटांनी युनिक्स मशिनांत शिरला, त्यांतली एक वाट फिंगर सेवेतल्या याच गेट्सची. २०११ च्या स्टँडर्डमधून ते काढूनच टाकलं. उदाहरणं लोक जशीच्या तशी उचलतात, त्यामुळे अशी चूक दोन ओळींच्या तुकड्यातही सोडू नकोस. इंडेंटेशन इतकं विस्कटलं असेल की इफ कुठे संपतो ते दिसत नाही, तर तेही सांग, पण कारणासकट.

मोठ्या प्रोजेक्टमध्ये एकच शैली लागते, कबूल. तिथे क्लँग-फॉरमॅटसारखी साधनं ते काम करतात. शिकणाऱ्या पोराचा उत्साह त्यात का खर्ची घालायचा? पुढच्या वेळी तो तुझ्याकडे येण्याआधी लॉजिक तपासणार नाही, कंस तपासेल. याचीच मला काळजी वाटते.

उद्या त्याला बोलाव. पत्त्यांऐवजी नुसत्या संख्या घेणारं तेच फंक्शन लिहून चालवायला सांग, आणि मेनमधल्या संख्या का बदलल्या नाहीत ते त्याच्या तोंडून ऐक. कंसाचं त्यानंतर बोल.

तुझी,
आत्या