तिरंग्याचा मान

रात्रभर कोसळणारा पाऊस पहाटे थांबला होता. कर्जत-खालापूरच्या परिसरातील कुंभिवली गावाभोवतीची भातखाचरे काठोकाठ भरली होती. दूरवर सह्याद्रीच्या कड्यांवरून पाण्याच्या शुभ्र धारा खाली झेपावत होत्या. दिवस होता १५ ऑगस्टचा. गावातील झेंडावंदन आटोपले आणि रस्त्याच्या कडेला दहाबारा मोटारसायकली ओळीने उभ्या राहिल्या.

या परिसरातील तरुणांनी मोटारसायकलस्वारांचे एक मंडळ स्थापन केले होते. त्यात कोणी शेतकरी होते, कोणी कारखान्यातील कामगार, तर दोघी शिक्षिका होत्या. सैन्यातून निवृत्त झालेले एक सुभेदार मंडळाचे नायक होते. सारे त्यांना ‘काका’ म्हणत. त्या दिवशी सर्वांनी कर्जतमार्गे सिद्धगडाकडे जावयाचे ठरविले होते.

सिद्धगड हे या भागातील लोकांचे तीर्थच होय. माथेरान येथे १९१२ साली जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल हे पेशाने वकील. वकिली करून सुखाने राहणे त्यांना शक्य होते. परंतु १९४२च्या लढ्यात त्यांनी घरदार सोडले, ते भूमिगत झाले आणि त्यांनी ‘आझाद दस्ता’ उभारला. मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडून दस्त्याने परकी सरकारची कोंडी केली. २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे पोलिसांनी सिद्धगडावर त्यांना गाठले. भाई कोतवाल आणि मानिवलीचे हिराजी पाटील तेथे हुतात्मे झाले.

निघण्याची वेळ झाली. इतक्यात मंडळातील सर्वांत धाकटा तरुण आला. त्याने मोटारसायकलीच्या मागे काठी बांधून तीवर भलामोठा तिरंगा लावला होता. चाकांनी उडविलेल्या चिखलाचे शिंतोडे ध्वजाच्या कडेवर पडले होते.

काका शांतपणे म्हणाले, “बाळ, हा ध्वज उतरवून घे.”

तरुणाचा चेहरा उतरला. तो म्हणाला, “काका, माझे देशावर प्रेम आहे, ते मी दाखवतो आहे. आपण स्वतंत्र आहोत ना? मग मला अडवता का?”

“तू स्वतंत्र आहेस, यात शंका नाही,” काका म्हणाले. “मनातले बोलावे, मंडळ काढावे, देशभर हिंडावे, हे हक्क राज्यघटनेच्या १९व्या अनुच्छेदाने आपल्याला दिले आहेत. आपले मंडळ आणि आपली सहल त्यांवरच उभी आहे. मात्र त्याच अनुच्छेदात या हक्कांच्या मर्यादाही सांगितल्या आहेत. ध्वजाचेच पाहा. पूर्वी सामान्य नागरिकाला काही ठरावीक दिवस सोडले, तर ध्वज लावता येत नसे. नवीन जिंदल नावाच्या उद्योगपतींनी आपल्या कारखान्याच्या कचेरीवर ध्वज लावला, तेव्हा त्यांना मनाई झाली. ते न्यायालयात गेले. २३ जानेवारी २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की आदराने ध्वज फडकविणे हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. पण त्याला वाजवी निर्बंध आहेत. तुझ्या घरावर ध्वज खुशाल लाव. वाहनावर ध्वज लावण्याचा मान मात्र २००२च्या ध्वजसंहितेने राष्ट्रपती, राज्यपाल, पंतप्रधान, मंत्री अशा ठरावीक पदांनाच दिला आहे. ध्वज फाटू नये, मळू नये, जमिनीला लागू नये, असेही तीत सांगितले आहे. या चिखलाकडे पाहा, म्हणजे कारण तुझ्या ध्यानात येईल.”

तरुणाने ध्वजाकडे पाहिले. काही न बोलता त्याने तो उतरविला. पण मनातील राग गेला नव्हता. तो म्हणाला, “मी निदान आलो तरी! आपला वायरमनदादा तर आलाच नाही. आजच्या दिवशी जो येत नाही, त्याची कसली देशभक्ती?”

आता मात्र काकांचा स्वर कठोर झाला. “मंडळात येणे न येणे ही ज्याची त्याची इच्छा. कोण आला, कोण घोषणा देतो, यावरून कोणाचे देशप्रेम मोजण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? रात्रीच्या वादळात विजेच्या तारा तुटल्या आहेत. पहाटेपासून तो त्या जोडतो आहे. १९४२ साली वीज तोडणे हे देशाचे काम होते, कारण सत्ता परकी होती. आज देश आपला आहे. आज वीज जोडणे हे देशाचे काम आहे.”

तरुणाने मान खाली घातली. चिखलाचे डाग त्याने स्वच्छ पाण्याने धुतले, ध्वज नीट घडी घालून पिशवीत ठेवला आणि डोक्यावर हेल्मेट चढविले. साऱ्यांनी मोटारसायकली सुरू केल्या.

काही अंतर गेल्यावर रस्त्यालगत विजेच्या खांबावर एक माणूस काम करताना दिसला. पावसाची सर पुन्हा सुरू झाली होती. तरुणाने मोटारसायकल थांबविली आणि हाक मारली, “दादा, काही मदत हवी का?”

“वरचे काम माझे मी करीन,” वरून उत्तर आले. “तेवढी खाली पडलेली फांदी रस्त्यातून बाजूला कर. कोणी अडखळून पडेल.”

तरुणाने काकांकडे पाहिले. काका हसले आणि मोटारसायकलीवरून उतरले. मग साऱ्यांनी मिळून ती फांदी ओढून कडेला नेली. सिद्धगडास पोहोचण्यास त्यांना थोडा उशीर झाला. पण त्याचे कोणालाच वाईट वाटले नाही.

स्वाध्याय

१. काकांनी तरुणाला ध्वज उतरविण्यास का सांगितले?
२. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली कोणता निर्णय दिला?
३. ‘आज वीज जोडणे हे देशाचे काम आहे,’ असे काका का म्हणाले? तुमच्या शब्दांत लिहा.