पाण्याची बाटली

मुलांनो, उन्हाळ्याची सुट्टी लागली की तुमच्या घरी काय काय चालते? आमच्या घरी आधी माळ्यावरची मोठी पिशवी खाली येते. मग मुलांच्या खालाला हर्णैला फोन जातो. मग बरोबर काय काय न्यायचे यावर बोलणे सुरू होते, आणि ते निघण्याच्या दिवसापर्यंत संपत नाही. प्रवासात खाण्यासाठी जे पदार्थ आपण बांधून घेतो त्याला मराठीत 'शिदोरी' म्हणतात. तुमच्या घरी कदाचित 'तोशा' म्हणत असतील. आमच्या शिदोरीत पराठे, उकडलेली अंडी आणि आंब्याचे लोणचे असते. पराठे घाट लागण्यापूर्वीच संपतात, ही गोष्ट वेगळी.

आम्ही पुण्यात कर्वेनगरात राहतो. या भागाचे जुने नाव हिंगणे बुद्रुक. एकाच नावाची दोन गावे असली की त्यांतल्या मोठ्या गावाला 'बुद्रुक' आणि लहान गावाला 'खुर्द' म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. हिंगणे खुर्द सिंहगड रस्त्याच्या बाजूला आहे. हे दोन्ही शब्द फारसीतून मराठीत आले. 'बुद्रुक' म्हणजे आपला ओळखीचा 'बुजुर्ग'च. मराठीत येता येता त्याचे रूप थोडे बदलले, इतकेच. हे प्रथम कळले तेव्हा मला आपल्याच गल्लीत जुना नातेवाईक भेटल्यासारखे वाटले होते.

कर्वेनगर हे नाव मात्र एका शिक्षकाच्या आठवणीसाठी आहे. त्यांचे नाव धोंडो केशव कर्वे. त्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी झाला. त्यांचे गाव रत्नागिरी जिल्ह्यातील मुरूड. दापोलीजवळ, हर्णैला अगदी लागून. १८९१ पासून ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवीत होते. त्या काळी लहान वयात पती वारला तर मुलीचे सारे आयुष्य घराच्या कोपऱ्यात जाई. अशा स्त्रियांना शिकता यावे म्हणून कर्व्यांनी १८९६ मध्ये संस्था काढली. १९०० मध्ये हिंगण्याच्या माळावर एक झोपडी उभी राहिली आणि संस्थेचे काम तेथे सुरू झाले. शहरापासून ही जागा सुमारे चार मैल दूर. चांगला रस्ता नव्हता. कॉलेज सुटले की कर्वे पायी हिंगण्याला जात. लागणारे सामानही कधी स्वतःच उचलून नेत.

आणि कॉलेजला सुट्टी लागली की? आपण गावी जातो, नातेवाइकांकडे जातो. कर्वे संस्थेसाठी वर्गणी गोळा करायला बाहेर पडत. 'वर्गणी' म्हणजे चंदा. देणारे सगळे श्रीमंत नसत. ज्याला जेवढे जमेल तेवढे तो देई. पुढे १९३६ मध्ये, म्हणजे वयाच्या ७८ व्या वर्षी, ज्या खेड्यांत शाळा नव्हती तेथे शाळा काढण्यासाठी त्यांनी एक मंडळ स्थापन केले, आणि त्यासाठीही लहान लहान रकमा गोळा करीत ते हिंडले.

हे सगळे मी वर्गात नेहमी शिकवतो. मुलांना धडा आवडतो. मलाही शिकवायला आवडतो. पण एका सुट्टीत जे घडले ते मी आजवर वर्गात सांगितले नव्हते. ते तुम्हांला सांगतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिना होता. आमची थोरली मुलगी तेव्हा चौथीत होती आणि धाकटा बालवाडीत. आम्ही चौघे स्वारगेटहून दापोलीच्या एसटीत बसलो. गाडी भोरवरून वरंधा घाटाने महाडला उतरणार होती. आमच्याजवळ पाण्याच्या दोन बाटल्या होत्या. भोर येईपर्यंत एक रिकामी झाली. भोरच्या स्थानकावर ती भरून घ्यायला हवी होती. पण गाडीत गर्दी झाली होती आणि उतरलो तर जागा जाईल अशी मला भीती वाटली. म्हणून मी उतरलो नाही.

भोरला एक आजी गाडीत चढल्या. बरोबर सून आणि तिच्या कडेवर वर्षा-दीड वर्षाचे मूल. आजींच्या हातात पानांनी झाकलेली टोपली होती. त्या आमच्या मागच्या बाकावर बसल्या.

नीरा-देवघर धरणाचे पाणी बराच वेळ रस्त्याच्या बाजूने आमच्या सोबतीला होते. ते मागे पडले आणि घाट सुरू झाला. थोडे पुढे गेलो तोच गाडी थांबली. पुढच्या वळणावर एक मालट्रक अडकला होता. तो मागे घेता येईना, पुढे जाईना. दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग लागली. दहा मिनिटे गेली, अर्धा तास गेला, एक तास गेला. बाहेर ऊन, आत घाम. जवळपास घर नाही, दुकान नाही. भजी आणि चहा मिळतो ते वाघजाईचे ठिकाण अजून पुढे होते.

दुसरी बाटली अर्धी उरली होती. मी हिशोब केला. दोन मुले, अजून किती वेळ लागेल ते ठाऊक नाही. मी बाटली हळूच सीटखाली, पिशवीच्या मागे सरकवली.

थोड्या वेळाने मागचे मूल रडू लागले. आजी पुढे वाकून म्हणाल्या,

"दादा, घोटभर पाणी हाय का? पोराला पायजे."

मी म्हणालो, "संपले हो, आजी."

मुलांनो, एवढेच तीन शब्द. मी ते मोठ्या नम्रतेने बोललो. 'हो' लावायलाही विसरलो नाही.

आजी "बरं बरं" म्हणून मागे टेकल्या. सुनेने मुलाला पदराने वारा घातला. माझी पत्नी खिडकीबाहेर पाहू लागली. पाच-दहा मिनिटे गेली असतील. मग आमचा धाकटा म्हणाला, "अब्बा, पाणी." मी त्याला गप्प केले. तो पुन्हा म्हणाला. तेव्हा थोरली सरळपणे, मोठ्याने म्हणाली,

"अब्बा, बाटली सीटखाली आहे ना!"

ती मला पकडून देत नव्हती. तिला खरेच वाटले की मी विसरलो आहे. पण मागच्या बाकावर ते ऐकू गेले. उन्हाने लाल झालेला माझा चेहरा आणखी किती लाल झाला असेल ते मला माहीत नाही. मी मागे वळलो नाही. वळण्याची हिंमत झाली नाही.

मग माझ्या खांद्यावरून एक हात पुढे आला. त्या हातात पानाचा द्रोण होता आणि द्रोणात काळीभोर करवंदे होती.

"लेकरांना दे," आजी म्हणाल्या. "जिभेला वलावा येतो."

डोंगरातली करवंदे तुम्ही खाल्ली आहेत का? काटेरी जाळीत वाढतात. तोडताना हाताला ओरखडे येतात आणि चिकट चीक लागतो. आजींनी ती विकण्यासाठी नेली होती की कोणा नातेवाइकासाठी, हे मी विचारले नाही. मुलांनी द्रोण घेतला. दोघांची तोंडे जांभळी झाली.

मी सीटखालची बाटली काढली, उठलो आणि आजींच्या हातात दिली. काय बोलावे ते सुचेना, म्हणून काहीच बोललो नाही. त्यांनी मुलाला पाजले. सुनेला दोन घोट दिले. स्वतः बाटली उंच धरून, तोंड न लावता, एक घोट घेतला. बूच घट्ट लावून बाटली परत माझ्याकडे दिली. अजून तळाशी चार बोटे पाणी होते.

"ठेवा दादा. तुमची वाट लांब हाय."

त्या घाटाखालच्या एका वाडीच्या फाट्यावर उतरून गेल्या. आम्ही महाडला पोहोचलो तेव्हा दुपार कलली होती. स्थानकावर मी पहिले काम केले ते दोन्ही बाटल्या भरण्याचे.

महाडचे नाव तुम्ही इतिहासाच्या पुस्तकात वाचले असेल. तेथे चवदार तळे आहे. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये ठराव करून ते सर्वांसाठी खुले केले होते, पण दलित समाजाला तेथे कोणी पाणी भरू देत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि ते पाणी प्याले. हक्कासाठी पुढे कोर्टात लढावे लागले आणि १९३७ मध्ये मुंबई हायकोर्टाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला. तो मोठा अन्याय आणि माझी सीटखालची बाटली, या दोन गोष्टी एका मापाच्या नाहीत हे मला समजते. तरीही त्या दिवशी महाडच्या स्थानकावर नळाखाली बाटली धरून उभा असताना मला तळ्याचीच आठवण आली.

हर्णैला आमची सुट्टी छान गेली. संध्याकाळी किनाऱ्यावर मासळीचा लिलाव चालतो, तो पाहायला आम्ही रोज जात होतो. होड्या लागतात, टोपल्या उतरतात, भाव पुकारले जातात, आणि समोर समुद्रात सुवर्णदुर्ग किल्ला उभा असतो. धाकट्याला एका कोळ्याने जिवंत खेकडा दाखवला. मग आठ दिवस घरात खेकड्याशिवाय दुसरे बोलणे नव्हते.

एके दिवशी आम्ही मुरूडला गेलो. नारळी-पोफळीच्या सावलीतून चालता चालता मी मुलीला कर्व्यांच्या गोष्टी सांगू लागलो. १८७५ मध्ये, सतराव्या वर्षी, कर्वे या गावातून परीक्षेसाठी साताऱ्याला पायी निघाले. अंतर सुमारे ११० मैल, वाटेत सह्याद्री. इतके चालून गेल्यावर अधिकाऱ्यांनी त्यांना परीक्षेला बसू दिले नाही. कारण काय, तर हा मुलगा दिसायला फार लहान आहे! वय पुरे होते, पण कोणी मानले नाही. पुढच्या वर्षी कोल्हापूरला जाऊन त्यांनी ती परीक्षा दिली.

मुलगी म्हणाली, "अब्बा, वाटेत त्यांना पाणी कोणी दिले?"

मी म्हणालो, "कोणीतरी दिले असेल. नावे कुठे लिहून ठेवलेली असतात?"

पुढची गोष्ट सांगताना माझी मलाच अडचण होऊ लागली. कर्वे नोकरीसाठी गावाबाहेर पडले तरी गावाला विसरले नाहीत. १८८६ मध्ये त्यांच्या पुढाकाराने 'मुरूड फंड' सुरू झाला. गावच्या उपयोगाच्या कामांसाठी थोडे थोडे पैसे जमवायचे, अशी ती योजना होती. पुढे १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवा स्त्रीशी विवाह केला. तेव्हा ह्याच गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. बहिष्कार म्हणजे त्यांच्याबरोबर बसणे-उठणे, जेवणखाण बंद. स्वतःच्या आईचे घरही त्यांना बंद झाले. सुट्टीत आपण ज्या घरी धावत जातो, तेच घर! मुलीने मला विचारले, "मग ते गावावर रागावले नाहीत?" रागावले असतील, वाईटही वाटले असेल, मी म्हणालो. पण लोकांसाठी वर्गणी मागत फिरणे त्यांनी शेवटपर्यंत सोडले नाही.

ती थोडा वेळ गप्प चालली. मग तिने जो प्रश्न विचारला तो मला वर्गात कोणीही विचारलेला नाही.

"सुट्टीत ते चंदा गोळा करायला जात. मग त्यांच्या मुलांची सुट्टी?"

खरे सांगू का, उत्तर सोपे नव्हते. गोदूबाईंचे नाव लग्नानंतर आनंदीबाई झाले. लोक त्यांना बाया कर्वे म्हणत. 'माझे पुराण' या आत्मचरित्रात त्यांनी संसारातील ओढाताण मोकळेपणाने सांगितली आहे. नवरा लोकांना देतो तेव्हा घरात काय कमी पडते, हे घर चालवणाऱ्या बाईलाच कळते. एकाच्या दानाचा काही भार दुसऱ्याच्या डोक्यावर जातो, हे आपण धड्यांत लिहीत नाही. मी मुलीला तसेच सांगितले. मग म्हणालो, "मी बाटली लपवली ती तुमच्यासाठीच. तुम्हांला तहान लागेल म्हणून."

"पण आम्ही करवंदे खाल्ली ना," ती म्हणाली.

परतीच्या दिवशी खालाने आंबे, सुकी मासळी आणि नारळ यांनी आमची पिशवी इतकी भरली की बंद होईना. मुलीने खालाकडून आणखी एक रिकामी बाटली मागून घेतली. ती भरली आणि स्वतःच्या मांडीवर ठेवली. "ही आपली नाही," असे तिने धाकट्याला बजावले. त्याने घाटात दोनदा मागितली. त्याला आमच्या बाटलीतले पाणी मिळाले, पण ती बाटली मिळाली नाही. गाडीत अनेक माणसे चढली, उतरली. कोणीही पाणी मागितले नाही. ती प्रत्येकाकडे आशेने पाहत होती. मला हसू येत होते आणि वाईटही वाटत होते.

रात्री कर्वेनगरला रिक्षातून उतरलो तेव्हा ती बाटली तशीच भरलेली होती. जिना चढता चढता धाकटा पायरीवर बसला आणि म्हणाला, "आपा, आता तरी दे."

तिने माझ्याकडे पाहिले आणि बूच उघडले.