अबोल्याचे मानसशास्त्र

मानसशास्त्र हा विषय घेतल्यापासून वर्गमित्र मला थट्टेने 'मनाचे डॉक्टर' म्हणतात. तसा माझा अधिकार काहीच नाही. परंतु गेल्या वर्षी एका जिवलग मित्राशी माझा दोन महिने अबोला झाला, आणि त्याचे कारण शोधताना मी या अभ्यासाकडे वळलो.

कारण अगदी क्षुल्लक. फोनवरचा माझा निरोप त्याने वाचला, उत्तर दिले नाही. मी पाच वेळा पाठवला, शेवटी नको ते बोललो. मी जितका चिडलो, तितका तो दूर गेला.

ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी (१९०७-१९९०) यांनी मूल व त्याला सांभाळणारे माणूस यांच्यातील अनुबंधाचा सिद्धांत मांडला. हाक मारली की कोणी येते, हा अनुभव आलेले मूल निर्धास्त होते. कधी येते, कधी नाही, असे झाले तर ते जास्त रडते, चिकटून राहते. कोणी येतच नसेल तर हाक मारणेच सोडते. १९८७ साली हझान व शेव्हर या अमेरिकन संशोधकांनी हाच विचार प्रौढांच्या प्रेमसंबंधांना लावला. वृत्तपत्रातील त्यांच्या प्रश्नावलीला उत्तर देणाऱ्यांपैकी सुमारे ५६ टक्के निर्धास्त, २५ टक्के अंतर राखणारे व १९ टक्के धास्तावलेले निघाले.

हे आकडे तिकडचे. आपल्या संग्रामपूर तालुक्यात आई निंदणाला गेली की मूल आजीकडे, काकूकडे, नाहीतर शेजारच्या मावशीकडे असते. एकीने हाक ऐकली नाही तर दुसरी ऐकते. बोल्बींचा भर एकट्या आईवर फार आहे, असे मला वाटते. मात्र बारावीनंतर अकोल्याला किंवा पुण्याला खोली घेऊन राहणारा मुलगा, किंवा नुकतीच सोयरीक झालेली मुलगी, यांची सारी हाक एकाच माणसाकडे जाते. पूर्वी पाचजणांनी वाहिलेले ओझे एकावर पडते. मग फोन उशिरा आला की "माझं काही चुकलं काय?" हा प्रश्न रात्रभर छळतो.

माझी आई लहानपणी वारंवार दवाखान्यात असे. ती केव्हा परतेल, कोणी सांगत नसे. मित्र पहिलीपासून वसतिगृहात वाढला. हे त्याने मला सांगितले ते मी त्याच्या खोलीवर गेलो तेव्हा. दार उघडून तो एवढेच म्हणाला, "काहून आला बे?" आणि चहा ठेवला.

बालपणीची ही सवय पुढच्या नात्यांतून बदलू शकते, असे अभ्यासक सांगतात. आता मी संध्याकाळपर्यंत थांबतो. कामात असला तर तो 'मंग बोलतो' एवढे लिहितो. कधी तेही विसरतो.