चार एकर विकून पोरीला पायलट करायचं का? छोट्या विमान कंपनीतल्या नोकरीचा धंद्याच्या नजरेतून हिशोब



या आठवड्याच्या व्हिडिओत जो विषय घेतला, तो ऐकून काही जण म्हणतील, "सर, आपण किराणा, मसाले, पापड, पैठणीवर बोलणारी माणसं. विमान कुठून आलं मध्येच?" सांगतो.

पैठणला मागच्या महिन्यात कार्यशाळा होती. संपल्यावर एक काका थांबले. घरी दोन माग, पैठणी विणतात. शिवाय चार एकर मोसंबी. म्हणाले, "सर, पोरगी बारावी सायन्सला आहे, हुशार आहे. तिला पायलट व्हायचंय. रस्त्यालगतच्या रानाला सत्तर लाखांचं गिऱ्हाईक आलंय. विकू का?"

मी लगेच हो म्हणालो नाही आणि नाहीसुद्धा म्हणालो नाही. वही काढली. त्या दिवशी वहीत जे मांडलं, तेच आज तुमच्यासमोर ठेवतो. तुम्हाला पायलट व्हायचं नसलं तरी वाचा. मोठी रक्कम एकदाच लावायची आणि ती परत कधी येईल ते सांगता येत नाही, अशी वेळ प्रत्येक उद्योजकावर येते.

पहिला धडा: आधी माल ओळखा

मोठ्या शहरांना मोठी जेट विमानं जोडतात. लहान शहरांना जोडणाऱ्या कंपन्यांना प्रादेशिक विमान कंपन्या म्हणतात. त्यांच्याकडे बहुतेक वेळा पंख्याची एटीआर 72 सारखी, सत्तरेक आसनांची विमानं असतात. गोव्याची फ्लाय 91 अशाच विमानांवर 2024 च्या मार्चमध्ये सुरू झाली. कोल्हापूरच्या घोडावत समूहाची स्टार एअर 2019 पासून एम्ब्रेअर जेट चालवते.

इथल्या पायलटचा दिवस कसा असतो? पहाटे ड्युटीवर हजर. उड्डाणाआधी श्वासाची चाचणी, म्हणजे दारू घेतली नाही ना ते बघायला. मग हवामान, इंधन, वजन यांचे कागद. तासाभराचं उड्डाण, अर्ध्या तासात प्रवासी उतरवा-चढवा, पुन्हा उड्डाण. अशा चार-चार फेऱ्या एका दिवसात. वर्षाला जास्तीत जास्त 1000 तास उडता येतं, त्यापुढे कायदा परवानगी देत नाही. दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरवर परीक्षा, आणि ठरलेल्या मुदतीत वैद्यकीय तपासणी. वैद्यकीय तपासणीत नापास झालात तर पगाराचं विमान जमिनीवर.

मी काकांना म्हणालो, "काका, युनिफॉर्म दिसतो, त्यामागची परीक्षा दिसत नाही. दर सहा महिन्यांनी तुमचा माग कुणी तपासला आणि नापास केला तर माग बंद, असं समजा." काका हसले, पण समजले.

दुसरा धडा: रिकामी खुर्ची परत विकता येत नाही

पैठणी या सणाला विकली नाही तर पुढच्या लग्नसराईत विकता येते. जर खराब होत नाही. पण विमानाचं दार बंद झालं की रिकाम्या खुर्चीची किंमत शून्य. नाथषष्ठीला यात्रेत वडे तळणाऱ्याला विचारा, संध्याकाळी उरलेल्या वड्याचं काय होतं. विमान कंपनी म्हणजे रोज यात्रा, रोज वडे.

एक हिशोब करून बघू. आकडे समजण्यापुरते आहेत. समजा 72 आसनांच्या एका फेरीचा सगळा खर्च 2 लाख आणि सरासरी तिकीट 4000 रुपये. 2,00,000 भागिले 4000, म्हणजे 50 प्रवासी बसले की फक्त खर्च निघाला. 72 पैकी 50 म्हणजे जवळपास 70 टक्के. नफा 51 व्या प्रवाशापासून. एका फेरीत दहा जण कमी आले तर 40 हजारांचा खड्डा.

आता मराठवाड्यातलंच उदाहरण घ्या. केंद्राच्या उडान योजनेची पहिली उड्डाणं 27 एप्रिल 2017 ला सुरू झाली. शिमला-दिल्लीबरोबर त्याच दिवशी नांदेड-हैदराबाद मार्गालाही हिरवा झेंडा मिळाला. योजनेत ठरावीक आसनांचं तिकीट तासाभराच्या प्रवासाला साधारण 2500 रुपयांच्या मर्यादेत, आणि कंपनीला पडणारा खड्डा सरकार तीन वर्षांपर्यंत भरून देणार. नांदेडचा मार्ग ट्रूजेट नावाच्या कंपनीने चालवला. तिची एटीआर विमानं आपल्या चिकलठाण्यालाही येत होती. फेब्रुवारी 2022 मध्ये ट्रूजेटची उड्डाणं थांबली. पुढे 2024 मध्ये स्टार एअरने नांदेडहून सेवा सुरू केली.

यातून काय घ्यायचं? अनुदान ही शिडी आहे, जिना नाही. तुम्ही पीएमईजीपी किंवा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमातून कर्ज घेत असाल तर वहीत दोन पानं करा. एका पानावर अनुदान धरून हिशोब, दुसऱ्या पानावर अनुदान नाही असं समजून. दुसऱ्या पानावर धंदा उभा राहत नसेल तर तो धंदा अनुदान संपेपर्यंतच चालेल.

आणि पायलटच्या बाजूने बघा. कंपनी बंद पडली की पायलट हुशार असूनही घरी बसतो. एटीआर चालवायचं प्रमाणपत्र घेतलेल्याला उद्या एअरबसमध्ये बसता येत नाही. त्यासाठी वेगळं 'टाइप रेटिंग', वेगळा खर्च. जेट एअरवेज 2019 मध्ये थांबली, गो फर्स्ट 2023 मध्ये. दोन्ही मोठ्या कंपन्या होत्या. तुमचा सगळा माल एकच व्यापारी उचलत असेल, तर तुमचंही एकच टाइप रेटिंग आहे, हे लक्षात ठेवा.

तिसरा धडा: खर्च टप्प्यांत मोडा

काकांना सत्तर लाख हा एकच डोंगर दिसत होता. डोंगर फोडला की दगड उचलता येतात. व्यावसायिक पायलटचा परवाना म्हणजे सीपीएल. आजच्या घडीला त्यासाठी बारावीत भौतिकशास्त्र आणि गणित लागतं, वय किमान 18, आणि 200 तासांचं उड्डाण. त्याच्या पायऱ्या अशा:

1. वैद्यकीय तपासणी. आधी क्लास टू, मग क्लास वन. खर्च काही हजारांत. रंग ओळखण्यात, कानात किंवा हृदयात दोष निघाला तर तो इथेच कळू द्या. पन्नास लाख भरल्यावर कळण्यापेक्षा हे बरं.

2. डीजीसीएच्या लेखी परीक्षा. नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, नियम, तांत्रिक विषय. पास व्हायला 70 टक्के लागतात. उड्डाण शिकायला पैसे भरण्याआधीही हे पेपर देता येतात. पोरीची आवड आणि चिकाटी इथेच कळते.

3. उड्डाण प्रशिक्षण. सगळ्यात मोठा खर्च. ठिकाणानुसार साधारण 45 ते 60 लाख. महाराष्ट्रात गोंदिया, बारामती, धुळे, शिरपूर, नागपूर अशा ठिकाणी शिकवलं जातं.

4. टाइप रेटिंग. विमानाच्या प्रकारानुसार आणखी 15-20 लाखांच्या आसपास. काही वेळा कंपनी निवड करून मग हे करायला सांगते, म्हणून नोकरीची खात्री नसताना घाईने करू नका.

बघा, पहिल्या दोन पायऱ्यांना जमीन विकावी लागत नाही. जे शिकायचं ते स्वस्तात शिकून घ्या, मग महाग पाऊल टाका. नवा मसाला बाजारात आणताना आधी पाच किलो करून गल्लीत विकतो ना आपण? तेच.

तिसऱ्या पायरीवर संस्था निवडताना चकचकीत फोटो बघू नका. प्रश्न विचारा: आज उडण्याजोगी विमानं किती? प्रशिक्षक किती? मागच्या तुकडीला 200 तास पूर्ण करायला किती महिने लागले? पावसाळ्यात उड्डाणं किती दिवस बंद असतात? फी एकदम भरायची की तासांप्रमाणे? डीजीसीए आता या संस्थांची श्रेणीही जाहीर करते, ती बघा. आणि शिकत असलेल्या दोन मुलांशी गेटबाहेर चहा घेत बोला. कच्चा माल घ्यायच्या आधी आपण व्यापाऱ्याचं गोडाऊन बघतोच की.

शिष्यवृत्तीही तपासा. महाज्योतीने नागपूर फ्लाइंग क्लबमार्फत पायलट प्रशिक्षणाची योजना राबवली आहे. चालू वर्षाची जाहिरात आणि पात्रता त्यांच्या संकेतस्थळावरच बघा, एजंटकडून नाही.

चौथा धडा: सगळ्यात वाईट दिवसाचा हिशोब आधी

वहीत दोन रस्ते मांडले.

पहिला रस्ता: रान विकायचं. कर्ज नाही, व्याज नाही. पण चार एकर मोसंबीचं दरवर्षीचं उत्पन्न कायमचं गेलं, आणि रस्त्यालगतचं रान पुन्हा मिळत नाही.

दुसरा रस्ता: समजा 40 लाखांचं शैक्षणिक कर्ज, 11 टक्के व्याज, दहा वर्षं. हप्ता साधारण 55 हजार रुपये महिना. पूर्ण रक्कम उचलल्यावर नुसतं व्याजच महिन्याला 36-37 हजार होतं. परवाना मिळाला पण नोकरी लागायला दोन वर्षं लागली, तर तेवढ्या काळात फक्त व्याजाचे पावणेनऊ लाख. शिवाय परवाना, वैद्यकीय प्रमाणपत्र, उड्डाणाचा सराव चालू ठेवायचा खर्च. तारण म्हणून बँका शेतजमिनीपेक्षा घर किंवा प्लॉट मागतात, म्हणजे माग ज्या घरात आहेत तेच घर.

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे दोन्हीकडून जोखीम आहे." मी म्हणालो, "हो. आता प्रश्न एवढाच, वाईट दिवस आला तर तुम्ही किती महिने तग धरता?"

इथे पायलटची एक गोष्ट कामाला येते. विमान निघताना पोहोचण्यापुरतंच इंधन भरत नाहीत. मुक्कामापर्यंतचं इंधन, वर थोडं जास्तीचं, ठरलेल्या विमानतळावर उतरता आलं नाही तर दुसऱ्या विमानतळापर्यंतचं, आणि त्यावर जेट किंवा टर्बाइन विमानासाठी अर्धा तास घिरट्या घालता येईल एवढं. दुसरा विमानतळ निघण्याआधीच ठरलेला असतो, आकाशात गेल्यावर शोधत नाहीत. तुमच्या धंद्यात हे शेवटच्या अर्ध्या तासाचं इंधन किती रुपयांचं आहे? बँकेत सहा महिन्यांचे हप्ते बाजूला आहेत का? दुसरा विमानतळ कोणता?

काकांच्या पोरीने त्याचं उत्तर स्वतःच दिलं. ती बाजूला उभी होती. म्हणाली, "सर, मी सोबत बीएस्सी करते. नाही जमलं तर डिग्री हातात राहील." दुसरा विमानतळ मिळाला.

पाचवा धडा: परत वर जाणं म्हणजे हरणं नव्हे

धावपट्टीजवळ येताना वेग, उंची, दिशा ठरलेल्या मर्यादेत नसेल तर पायलट उतरायचा हट्ट धरत नाही. इंजिनाचा जोर वाढवतो आणि परत वर जातो. त्याला 'गो अराउंड' म्हणतात. प्रवासी घाबरतात, वेळ जातो, इंधन जळतं. पण कुठल्या उंचीला काय बरोबर असायला हवं हे आधीच लिहिलेलं असतं, म्हणून ऐनवेळी अहंकार आडवा येत नाही.

दुकान चालत नसताना "आता एवढे पैसे घातलेत" म्हणून आणखी पैसे घालणारे मी खूप पाहिलेत. तुमची उंची आधी लिहून ठेवा: अमुक तारखेपर्यंत अमुक विक्री नाही झाली तर थांबणार. काकांच्या वहीत आम्ही असं लिहिलं: क्लास वन मेडिकल नाही झालं तर थांबायचं. दीड वर्षात सगळे लेखी पेपर नाही सुटले तर थांबायचं. हे दोन्ही झाल्याशिवाय रानाच्या गिऱ्हाइकाशी बोलणी नाहीत.

नोकरी की उद्योग?

काही जण विचारतील, सर तुम्ही उद्योजकता शिकवता आणि नोकरीवर लेख लिहिता? ऐका. मुंबईच्या कॅप्टन अमोल यादवांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. जेट एअरवेजमध्ये पायलटची नोकरी करता करता त्यांनी कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. 2016 च्या मेक इन इंडिया प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं, 2017 मध्ये डीजीसीएची नोंदणी मिळाली. पगारावर घर चालत होतं, म्हणून स्वप्नाला वेळ देता आला. सुरुवातीला नोकरी हेच तुमचं भांडवल असू शकतं. ती सोडायची घाई करू नका.

तुमचा गृहपाठ

वहीचं एक पान घ्या आणि तुमच्या धंद्यासाठी लिहा:

- माझ्याकडे रिकामी जाणारी खुर्ची कोणती? (न विकलेला माल, रिकामा वेळ, बंद मशीन)
- खर्च निघायला रोज किती गिऱ्हाईक लागतात?
- अनुदान किंवा सगळ्यात मोठा ग्राहक उद्या गेला तर किती महिने टिकेन?
- मोठा खर्च करण्याआधी काही हजारांत करता येईल अशी चाचणी कोणती?
- माझी 'परत वर जायची' तारीख कोणती?

काकांचा मागच्या आठवड्यात फोन आला. पोरीचं क्लास टू मेडिकल झालं, पास. नेव्हिगेशनचं पुस्तक आणलंय, रात्री माग थांबला की त्याच दिव्याखाली बसते म्हणाले. गिऱ्हाइकाला अजून होकार दिलेला नाही. मोसंबी या बहाराला बरी आलीये.

तुमचं पान लिहून झालं की व्हिडिओखाली आकड्यांसकट टाका. पुढच्या भागात त्यातली दोन-तीन पानं घेऊन बसू.

भेटू लवकरच. हिशोब लिहीत राहा!