संत्र्याच्या बागेंत पाण्याचा व खताचा ताळेबंद

गोंदिया जिल्हा हा तलावांचा व धानाचा मुलूख होय. बांधींत पाणी उभें असलें म्हणजे शेतकऱ्याचा जीव निश्चिंत असतो. परंतु ज्या बंधूंनीं उंचवट्याच्या जमिनींत संत्रा, मोसंबी किंवा कागदी लिंबू लावून ठिबकाच्या नळ्या टाकल्या आहेत, त्यांनीं ही संवय बांधींतच ठेवावी. धानाचें मूळ उभ्या पाण्यांत वाढतें. संत्र्याचें मूळ त्यांत गुदमरतें. आमची हयात महसुली दप्तरांत गेल्यामुळें प्रत्येक गोष्ट जमाखर्चाच्या रकान्यांत मांडण्याची आम्हांस खोड आहे. पाणी व खत हीं एकाच खात्याचीं दोन कलमें आहेत, इतकेंच येथें दाखवावयाचें आहे.

प्रथम जमीन पाहावी. कन्हार जमीन पाणी फार दिवस धरते, मोरांड व सिहार त्याहून कमी, आणि बरडींतून तें लवकर निघून जातें. कन्हारींत बाग असल्यास ओळींमधून उताराकडे चर काढावेत, म्हणजे पावसाचें पाणी मुळांशीं तुंबणार नाहीं.

दुसरें, थेंब कोठें पडतो तें पाहावें. खोडाशीं सतत ओल राहिली म्हणजे फायटोफ्थोरा नांवाची बुरशी शिरते, साल कुजून डिंक वाहतो, आणि आठ-दहा वर्षें पोसलेलें झाड हातचें जातें. अन्न घेणारीं बारीक मुळें बहुतेक झाडाच्या घेराखालीं वरच्या फूटभर थरांत असतात. म्हणून झाड वाढेल तसे ड्रिपर खोडापासून दूर सरकवावेत. पावसाळ्यापूर्वीं व नंतर खोडास बोर्डो मलम लावावें. त्यास १ किलो मोरचूद, १ किलो चुना व १० लिटर पाणी लागतें.

आतां पाणी किती? दिवसाचें बाष्पीभवन मिलिमीटरांत घेऊन त्याचे आठ-दशांश करावेत, व घेराच्या चौरस मीटरांनीं गुणावें. येईल तें उत्तर रोजचे लिटर होत. घेराचा व्यास ४ मीटर असल्यास क्षेत्र सुमारें १२.५ चौरस मीटर भरतें. मे महिन्यांत बाष्पीभवन १० मिलिमीटर धरलें तर १०० लिटर पाणी होतें. तासास ४ लिटर देणारे ६ ड्रिपर असतील तर त्यास चार तासांहून थोडा अधिक वेळ लागतो. जानेवारींत बाष्पीभवन ४ मिलिमीटर धरल्यास ४० लिटर पुरतात. तेव्हांही चार तास पंप चालविला, तर जादा पाणी खालीं जातांना खतही बरोबर घेऊन जातें. एकाच चुकीनें मूळ कुजतें आणि पैसाही बुडतो.

फळांवर आलेल्या नागपुरी संत्र्यास दर झाडीं वर्षास नत्र ६०० ग्रॅम, स्फुरद २०० ग्रॅम व पालाश १०० ग्रॅम असें प्रमाण शिफारशींत आढळतें. माती व पानें तपासून त्यांत कमीजास्त करावें. म्हणजे युरिया सुमारें १३०० ग्रॅम, सुपर फॉस्फेट १२५० ग्रॅम व म्युरेट ऑफ पोटॅश १७० ग्रॅम. सुपर फॉस्फेट पाण्यांत पुरतें विरघळत नाहीं. तें शेणखताबरोबर मातींतच द्यावें. युरिया मात्र ठिबकांतून हप्त्याहप्त्यानें द्यावा. आंबिया बहाराचा ताण संपल्यावर मध्य जानेवारीपासून जूनच्या आरंभापर्यंत दर पंधरवड्यास १३० ग्रॅम दिल्यास दहा हप्त्यांत हिशेब पुरा होतो. ताण तोडतांना पाणी एकदम भरपूर न देतां हळूहळू वाढवावें. ताणाच्या दिवसांत खत देऊं नये.

खत देतांना पहिला तिसरा हिस्सा वेळ नुसतें पाणी, मधला खताचें, व शेवटचा पुन्हां नुसतें पाणी सोडावें, म्हणजे नळ्या धुऊन निघतात. तलावाच्या किंवा बोडीच्या पाण्यांत शेवाळ व गाळ असतो. तेथें जाळीच्या गाळणीपूर्वीं वाळूची गाळणी अवश्य असावी. नळ्यांचीं शेवटचीं टोकें अधूनमधून उघडून गाळ सोडावा.

पाणी दिल्याच्या दुसऱ्या दिवशीं ड्रिपरजवळ दोन फूट खोल खणून पाहावें. तळाशीं चिखल लागल्यास वेळ कमी करावा. फूटभरांतच माती कोरडी असल्यास वाढवावा. तारीख, तास व खत यांची एक वही ठेवावी. झाड पिवळें पडलें म्हणजे पुष्कळ जण आधीं खताचें पोतें आणतात. वाचकांनीं आधीं ही वही उघडावी, मग खोडाजवळची माती उकरावी, आणि त्यानंतरच दुकानाची वाट धरावी.