आतड्यांचा दाह आणि जिवाणू

मनुष्याच्या मोठ्या आतड्यात असंख्य जिवाणू जन्मभर वस्ती करून असतात आणि सामान्यतः त्यांचे व यजमानाचे बरे चालते. काहींच्या बाबतीत मात्र हा सलोखा मोडतो. जुलाब, शौचावाटे रक्त, पोटात कळा आणि घटत जाणारे वजन ही लक्षणे वर्षानुवर्षे पाठ सोडीत नाहीत. अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन रोग हे या दीर्घकालीन दाहाचे दोन प्रमुख प्रकार होत. पहिला मोठ्या आतड्याच्या अस्तरापुरता मर्यादित राहतो. दुसरा आतड्याची सबंध भिंत पोखरू शकतो.

यामागे एखादा विशिष्ट जंतू असावा, ही शंका जुनीच आहे. ग्लासगो येथील शल्यचिकित्सक केनेडी डॅलझील यांनी १९१३ साली अशा रुग्णांचे वर्णन केले, तेव्हाच गुरांच्या जोन्स रोगाशी असलेले साम्य त्यांच्या ध्यानात आले होते. जोन्स रोगाचा जंतू हा क्षयजंतूच्या भाऊबंदांपैकी. तो रुग्णांच्या आतड्यात मात्र त्यांना आढळला नाही. पुढे १९३२ मध्ये न्यूयॉर्कचे डॉ. क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपेनहायमर यांनी १४ रुग्णांवरील निबंध प्रसिद्ध केला आणि रोगास नाव लाभले ते क्रोन यांचे. डॅलझील मागे पडले. त्यांची शंका मात्र टिकून राहिली. १९८४ मध्ये अमेरिकेत काही रुग्णांच्या आतड्यांतून हा अत्यंत मंद गतीने वाढणारा जंतू वेगळा करण्यात आला, तेव्हा कोडे सुटल्यासारखे वाटले. पण ऑस्ट्रेलियात २१३ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले, ते निराशाजनक ठरले. तीन प्रतिजैविकांचा प्रारंभी काहीसा गुण आला, परंतु दोन वर्षे औषध देऊनही तो टिकला नाही.

तरीही जिवाणू निर्दोष ठरत नाहीत. शस्त्रक्रियेनंतर आतड्याच्या जोडावरून मळाचा प्रवाह काही काळ दुसरीकडे वळविला, तर तेथे रोग पुन्हा उद्भवत नाही. प्रवाह पूर्ववत करताच तो परततो, असे बेल्जियममधील ल्यूव्हेनच्या डॉक्टरांनी १९९१ मध्ये दाखवून दिले. जिवाणूंच्या आवरणाचे तुकडे ओळखणाऱ्या नॉड-२ या जनुकातील दोष क्रोन रोगाशी निगडित असल्याचे २००१ मध्ये उघड झाले. काही उपकारक जिवाणू या रुग्णांत कमी झालेले आढळतात. मात्र ते दाहाचे कारण की परिणाम, हा वाद मिटलेला नाही. एकच गुन्हेगार शोधण्यापेक्षा घरातील भांडणच समजून घ्यावे, या विचाराकडे संशोधक आता अधिक झुकले आहेत.

भारतात या प्रश्नाला एक वेगळीच धार आहे. आतड्याचा क्षय आणि क्रोन रोग यांची लक्षणे जवळजवळ सारखी असतात, आणि दोघांचेही आवडते ठिकाण लहान व मोठ्या आतड्याचा सांधा हेच. क्षयरोग्याला चुकून दाहशामक स्टेरॉईड दिल्यास क्षय बळावतो. उलट क्रोनच्या रुग्णाला क्षयाची औषधे देत राहिल्यास महिने फुकट जातात आणि आतडे अरुंद होत जाते. म्हणून शंका असेल तेथे वैद्य बहुधा प्रथम क्षयाचे औषध सुरू करतात आणि दोन-तीन महिन्यांनी दुर्बिणीतून आतड्याची पुन्हा तपासणी करतात. व्रण भरून आले असतील तर क्षय समजून औषधांचा क्रम पूर्ण केला जातो. तसेच राहिले असतील तर निदानाचा नव्याने विचार होतो. रुग्णाने मधल्या काळात बरे वाटले म्हणून औषध सोडले, तर ही कसोटीच निकामी होते.