बॉलला साडीच नेस, पण पिना भरपूर घे

अगं छोटे, मेसेज वाचला. परीक्षेचं तुझं तू बघून घेशील. ‘अल्युम्नाय बॉलला काय घालू’ हेही सांगते. पण त्याखाली हळूच लिहिलंयस ना, ‘ताई, मला अजून कुणी विचारलंच नाही’, आधी त्याच्याकडे येऊ.

विचारायची वाट बघूच नकोस. तुझ्या अमेरिकन मैत्रिणींच्या डोक्यात शाळेतला प्रॉम असतो, तिथे जोडीदाराचं फार कौतुक. सेमिस्टर ॲट सीचा, म्हणजे तुमच्या या तरंगत्या विद्यापीठाचा, बॉल तसला नाही. पेपर संपले, शेवटचं बंदर जवळ आलं की सगळं जहाज नटूनथटून एकत्र जेवतं आणि मग नाचतं. सगळं म्हणजे सगळं: प्राध्यापक, त्यांची शाळकरी पोरं, हौसेने सफरीला आलेले निवृत्त आजी-आजोबासुद्धा. बहुतेक मुली घोळक्यानेच जातात. तूही जा. आणि एक गाणं त्या आजोबांपैकी कुणाबरोबर तरी नाच. त्यांना स्टेप्स खरंच येतात, आपल्यासारख्या नुसत्या उड्या नसतात.

आता कपडे. व्हिएतनामला होई आनच्या शिंप्यांकडून गाऊन नाहीतर सूट शिवून घ्यायचा, ही जहाजावरची जुनी रीत. तू शिवला नाहीस, बरंच केलंस. साडी नेस. फक्त एक लक्षात घे, कोचीत तुझ्या किती मैत्रिणींनी साड्या घेतल्यात ते आठव. घेताना ती सोनेरी काठाची कसवू फार सोपी वाटते. त्या संध्याकाळी सगळ्या जणी साडी हातात धरून तुझ्या केबिनबाहेर उभ्या राहतील. तेव्हा स्वतःची साडी दुपारीच नेसून टाक. त्यांच्याकडे परकर नसेल, तर नाडीची किंवा घट्ट इलॅस्टिकची लेगिंग चालते, निऱ्या त्यात नीट बसतात. ब्लाउज नसेल तर अंगासरसा टॉप. निऱ्यांना पिन, खांद्याला पिन, पदराच्या चुण्या पाडून घट्ट लाव. मोकळा पदर फोटोत छान दिसतो, जहाजाच्या जिन्यात तोच पायात येतो. साडी घोट्याच्या जराशी वरच ठेव. आजी असती तर रागावली असती, पण आजी कधी डोलत्या जमिनीवर नाचली नाही.

नाचायला खरी सोयीची नऊवारी, कासोट्यामुळे पाय मोकळे राहतात. पण आता भर समुद्रात ती तुला कोण आणून देणार?

टाचांचे बूट नकोत. मोरोक्को सोडून जर्मनीकडे निघालात की वाटेत बिस्केचा उपसागर लागतो, आणि तो काही तुमचा बॉल आहे म्हणून शांत राहत नाही. कोल्हापुरीही नको, चामड्याचा तळ गुळगुळीत फरशीवर सटकतो. रबरी तळाची साधी सँडल घाल, साडीखाली कोण बघतंय?

आणि ज्याच्याबद्दल तू मेसेज टाकून लगेच डिलीट केलास, त्याच्याविषयी. मी वाचला होता, उगाच नाही म्हणू नकोस. बोलायचं असेल तर बॉलच्या आधी बोल, डेकवर, दोघंच असताना. नाचता नाचता, सगळ्यांचे मोबाइल रोखलेले असताना नको. तो ‘हो’ म्हणाला तर निदान थोडे दिवस तरी हातात राहतील. ‘नाही’ म्हणाला तर रडून घ्यायला वेळ मिळेल, बॉलला डोळे सुजलेले नसतील. काहीच बोलली नाहीस तरी आभाळ कोसळत नाही.

खरा निरोपही त्या रात्रीवर ठेवू नकोस. गाणी इतक्या जोरात असतात की शेजारचीचं बोलणं ऐकू येत नाही. आणि उतरायच्या दिवशी काही सगळे एकदम उतरत नाहीत. केबिनच्या ज्या विभागांना तुम्ही ‘सी’ म्हणता, त्यांच्या क्रमाने सोडतात. या विभागांमधली सी ऑलिंपिक्स स्पर्धा जिंकलेला विभाग सगळ्यात आधी. त्या स्पर्धेत लोक एवढे जीव तोडून का खेळतात, ते तेव्हा कळतं. तुझी जिवलग दुसऱ्या ‘सी’तली असेल तर तुझा नंबर लागेपर्यंत ती बंदराबाहेर आईवडिलांच्या गळ्यात पडलेली असेल. म्हणून जिच्याशी मनापासून बोलायचंय, तिला आधीच्या एखाद्या दुपारी चहाला बसव. सगळ्यांना ‘दरवर्षी भेटू’ म्हणत सुटू नकोस. दोघी-तिघींनाच म्हण आणि पाळ. तुमची केबिन रोज आवरणाऱ्या दादालाही आदल्या दिवशीच भेट. उतरायच्या सकाळी तो कुणाकुणाच्या बॅगा उचलत असेल, त्याला मान वर करायला फुरसत नसते.

बॅग बॉलच्या आधी भरून ठेव. आणि साडीतला फोटो इन्स्टावर टाकण्याआधी आईला पाठव, तिने शेजारच्या काकूंना कधीच सांगून ठेवलंय.